अंगवळणी

बाथरूमच्या दाराबाहेर डाव्या हाताची भिंत चाचपायची आणि दिवा लावायचा, ही माझ्या हाताची अकरा वर्षांची सवय. भाड्याच्या घरात बटण तिथं होतं. नव्या घरात ते उजवीकडे आहे. डावीकडे आहे तो एक खिळा, तोही कमरेच्या जरा वर, कुणालाच सोयीचा नाही अशा उंचीवर. पहिल्याच रात्री दोनच्या सुमारास अर्धवट झोपेत उठले, हात डावीकडे गेला, बटण सापडेना म्हणून भिंतीवरून खाली घसरला आणि तळहाताला तो खिळा खसकन लागला. ओरखडाच, रक्त असं फार नाही. पण नवऱ्याला उठवून सांगण्याइतका राग आला.

"कुणी ठोकलाय हा खिळा इथं?"

"कुणी का ठोकेना. घर आपलं आहे ना आता? उद्या काढून टाक," असं म्हणून तो कूस बदलून झोपला.

घर आपलं होतं. सह्या झाल्या होत्या, किल्ल्या ताब्यात होत्या, पुढची कित्येक वर्षं फेडायचा हप्ता सुरू झाला होता. फक्त ही बातमी माझ्या हातापर्यंत पोचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पडदे बसवायला आलेल्या सुताराला खिळा काढायला सांगितलं. त्यानं पक्कड लावून जोर केला, खिळा हलेना. "जुना आहे ताई, खोल गेलाय. ओढला तर प्लास्टरचा पोपडा घेऊन येईल. रंगाच्या वेळी बघू." रंगाच्या वेळी रंगाऱ्यानंही तेच सांगितलं आणि खिळ्याला वळसा घालून रंग मारला.

रंगाचं मात्र मला आजही बोलायचंय. घर ताब्यात येण्याच्या आधी सहा महिने मी फोनमध्ये दुसऱ्यांच्या घरांचे फोटो साठवत होते. घर आपलंसं करायचं म्हणजे ते सजवायचं, अशी माझी पक्की समजूत. फोटोंतली बरीच घरं गडद हिरव्या भिंतीची होती, म्हणून मलाही हॉलची एक भिंत गडद हिरवी हवी होती. दुकानात बोटभर रुंदीच्या कार्डावर तो रंग इतका सुंदर दिसला की मी तिथल्या तिथे सांगून टाकला. भिंतीवर लागल्यावर सकाळी ठीक होता. संध्याकाळी दिवे लावले तर मळकट, शेवाळलेला. रंगारी म्हणाला, कार्डावरचाच आहे बघा. कार्ड आणून भिंतीला लावलं. खरंच तोच होता.

दुकानातले दिवे पांढरे होते, आमचे पिवळे. दिव्याच्या खोक्यावर केल्विनमध्ये एक आकडा छापलेला असतो, तोवर मी तो कधी वाचलाच नव्हता. २७०० म्हणजे पिवळसर, ४००० मधला, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. आकडा मोठा तितका उजेड थंड दिसतो. ऐकायला उलटं वाटतं, पण लोखंड तापवलं तर आधी लाल होतं आणि आणखी तापत गेलं की पांढरं, हिशोब तिथून आलाय. पिवळ्या उजेडात निळ्याचा अंश कमी असतो, त्यामुळे निळ्याकडे झुकणारा हिरवा त्यात मरतो. म्हणजे रंग निवडायचा तो आपल्या भिंतीवर, आपल्या दिव्याखाली आणि दिवसातून निदान तीनदा बघून. वहीच्या पानाएवढा पट्टा मारून आठवडाभर ठेवला असता तरी कळलं असतं. आठवडाभर थांबायला मी तयार नव्हते, एवढंच.

महिनाभरात गालिचा आला, दिवे आले, ठरवून निवडलेल्या उश्या आल्या. सगळं झालं आणि मी सोफ्यावर बसले, तर उठताना उशी सरळ करून ठेवली. पाहुणी म्हणून गेलेल्या घरात ठेवते तशी. नवऱ्यानं ते बघितलं. बोलला काही नाही, पण त्यानंही आपली उशी सरळ केली.

याच दिवसांत एकदा आईचा फोन आला. थोडं बोलणं झालं आणि ती म्हणाली, "तू विहिरीतून बोलतेयस का गं?"

घर घुमत होतं. आपल्या भाषेत रिकाम्या घराला हा एकच शब्द आहे आणि तो पुरेसा आहे. बैठकीची खोली दाखवण्यासारखी झाली होती, बाकीच्या खोल्यांत मात्र खोकी भिंतीला टेकून होती आणि कपाटं उघडीबोडकी. चमचा पडला तरी आवाज चार भिंतींना भेटून परत यायचा.

घुमण्याच्या या प्रकारावर पहिल्यांदा नीट काम केलं ते वॉलेस सॅबिन या अमेरिकी प्राध्यापकानं. हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली फॉग संग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह बांधून झालं आणि लक्षात आलं की तिथं कुणाचंच बोलणं कळत नाही. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद तसाच रेंगाळत राहायचा, तोवर बोलणारा पुढच्या वाक्यात. तरुण सॅबिनला सांगण्यात आलं, बाबा, काहीतरी कर. त्यानं रात्री काम सुरू केलं, कारण दिवसा रस्त्याचा आवाज. जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायच्या, व्याख्यानगृहात मांडायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची, थांबवायची आणि आवाज किती वेळात मरतो ते मोजायचं. आणखी गाद्या आणायच्या, पुन्हा मोजायचं. मग सगळ्या परत नेऊन ठेवायच्या. अशा रात्रीमागून रात्री. त्यातून त्याला साधा हिशोब सापडला: खोली जितकी मोठी तितका आवाज जास्त रेंगाळतो आणि आवाज शोषणाऱ्या वस्तू जितक्या जास्त तितका कमी. आणि शोषण मोजायला त्यानं माप घेतलं ते उघड्या खिडकीचं. खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून सगळ्यात जास्त आवाज पिणारी गोष्ट म्हणजे उघडी खिडकी. गादी किती खिडक्यांइतकी, पडदा किती, माणूस किती. हो, माणसंही त्यानं मोजली. माणूस बराच आवाज पितो.

अर्ध्या रात्री गाद्या डोक्यावर घेऊन चाललेला प्राध्यापक मला फार आवडतो. आमच्याकडे तेच चाललं होतं, फक्त मोजणारं कुणी नव्हतं. पुस्तकांची खोकी उघडली. कपाटात कपडे गेले. लेकाच्या खोलीत त्याच्या वस्तूंचा नेहमीचा ढीग झाला आणि पहिल्यांदाच मी त्या ढिगावरून ओरडले नाही. दीड महिन्यानं आई फोनवर म्हणाली, "आता कशी घरातून बोलतेयस." तिला सॅबिन माहीत नाही. तिनं नुसत्या कानानं आमची खोकी मोजली.

आवाजाचं म्हणावं तर पहिले काही दिवस मी झोपलेच नव्हते. परक्या जागी पहिल्या रात्री झोप लागत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये त्याचं एक कारण दाखवलं: अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागाचं एक जाळं उजव्याइतकं गाढ झोपत नाही, बारीकशा खुट्ट आवाजालाही सावध होतं. डॉल्फिनसारखे प्राणी तर एका वेळी अर्ध्याच मेंदूनं झोपतात. म्हणजे दारात राखणदार बसवून बाकीचं घर झोपवायचं. पुढच्या वेळी त्याच जागी झोपलं की हा फरक राहत नाही, असंही त्यांना दिसलं. माझा राखणदार जास्तच इमानदार निघाला, पंधरा दिवस जागा होता.

त्याला कामही भरपूर होतं. सूर्य मावळला की खिडकीच्या धातूच्या चौकटी टक्, टक् करत आक्रसायच्या. लिफ्ट आमच्या मजल्यावर न थांबता गेली की भिंत किंचित हुंकारायची. आणि रात्री साधारण पावणेबारा वाजता भिंतीच्या आत कुणीतरी धाडकन बुक्की मारायचं. पहिल्यांदा मी खरंच उठून दार बघून आले. प्लंबरनं सांगितलं, वर कुणीतरी नळ झटक्यात बंद करतंय. पाइपातून जोरात धावणारं पाणी एकदम अडलं की त्याचा सगळा वेग पाइपावर आदळतो आणि पाइप भिंतीवर. वरचे काका रात्रपाळीसारख्या कसल्याशा कामावरून येतात, हातपाय धुतात, नळ बंद करतात. बस्स. आता ती बुक्की ऐकू आली की मी झोपते. एका रात्री आलीच नाही तर बारा वाजता नवऱ्याला म्हणाले, "काका अजून आले नाहीत." त्यांचं तोंडही मी तोवर धड पाहिलेलं नव्हतं.

ठेचांबद्दल लिहायला हवं. पलंगाचा कोपरा, हॉलमधून आत जाताना फरशीतला अर्ध्या इंचाचा चढ, स्वयंपाकघरातलं वरचं दार, जे उघडं राहिलं की थेट कपाळावर येतं. पहिल्या दोन महिन्यांत माझ्या नडग्यांवर या घराचा नकाशा निळ्या-काळ्यात उमटला होता. नकाशा हा शब्द उगाच नाही वापरला. जॉन ओकीफ यांना लंडनमध्ये १९७१ साली उंदराच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या की उंदीर खोलीतल्या एका ठराविक जागी आला की त्यातली एक ठराविक पेशी पेटते, दुसऱ्या जागी गेला की दुसरी. पुढे २००५ मध्ये नॉर्वेत मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांना शेजारच्याच भागात आणखी पेशी मिळाल्या, ज्या सगळ्या जमिनीवर षटकोनी जाळं टाकल्यासारख्या काम करतात. २०१४ चं नोबेल या तिघांना मिळालं. यातली मला भिडलेली गोष्ट अशी की उंदराला नव्या खोलीत सोडलं की जुनी जुळणी मोडते आणि त्याच पेशी नव्यानं जागा वाटून घेतात. म्हणजे नवं घर घेतलेली बाई रात्री पाणी प्यायला उठते तेव्हा तिच्या डोक्यात जमीनमोजणी चालू असते. खुंट्या ठोकल्या जात असतात. त्याला वेळ लागणारच, आणि तो गालिचा टाकून वाचत नाही.

उलट दर आठवड्याला सामान हलवून मी ती मोजणी पुन्हा पुन्हा मोडत होते.

मग मी थांबले. ठरवून थांबले असं म्हणायला आवडलं असतं, पण खरं म्हणजे पैसे आणि उत्साह दोन्ही एकदमच संपले. त्या थांबण्यात काही गोष्टी दिसल्या. खिडकीशी मांडलेली खुर्ची कुणी वापरत नव्हतं. हिवाळा आला तसा सूर्य खाली उतरला, ऊन तिरपं होऊन खोलीत पार आतपर्यंत यायला लागलं आणि पुस्तकांच्या कपाटाशेजारच्या कोपऱ्यात सकाळी तासभर उन्हाची चौकोनी घडी पडू लागली. लेक तिथं जमिनीवरच बसायला लागला. उन्हाळ्यात घर पाहिलं तेव्हा हा कोपरा निव्वळ अंधारा होता, तिथं चपलांचं कपाट ठेवायचा माझा बेत होता. खुर्ची आता तिथं आहे. घर घेतल्यावर सगळे ऋतू एकेकदा होऊन जाईपर्यंत पक्कं काही ठोकू नये, असं माझं मत झालंय. कुणी विचारत नाही, पण मी सांगते.

एक गोष्ट मात्र ठोकली, स्वतःच्या हातानं. लेकाच्या खोलीतली फळी. ड्रिल मागून आणलं, पहिलं भोक पाडलं ते विटांच्या सांध्यात गेलं आणि भुसभुशीत झालं. दुसरं नीट पडलं. पहिल्यात लांबी भरली, थोडं सरकून तिसरं पाडलं. प्लग घातले, स्क्रू आवळले, फळी टेकवली आणि वर लेव्हल ठेवली, तर बुडबुडा मधून डावीकडे. फार नाही, त्याच्या स्वतःच्या अर्ध्या अंगाएवढा. पेन्सिल ठेवली की ती विचार करून, मग हळूच उजवीकडे घरंगळते. सुतारानं बसवलेली हॉलमधली कपाटं काटकोनात आहेत, त्यांचं मला काहीच वाटत नाही. घरी आलेल्या माणसाला मी फळी दाखवते.

याला विद्वानांनी नावही दिलंय. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचॉन आणि डॅन एरिअली यांचा २०१२ चा निबंध आहे. लोकांना खोकी जुळवायला लावली, कागदाच्या घड्या घालून बेडूक आणि पक्षी करायला लावले, तर आपण केलेल्या वेड्यावाकड्या वस्तूला लोक भलतीच जास्त किंमत लावतात, जवळजवळ कसलेल्या हातानं केलेल्या वस्तूइतकी. सुटे भाग घरी आणून जोडायच्या फर्निचरवरून त्यांनी याला 'आयकिया परिणाम' म्हटलं. त्यात एक बारकावा आहे, तो सहसा कुणी सांगत नाही: काम अर्धवट राहिलं किंवा केलेलं मोडून टाकलं की ते प्रेम उरत नाही. नवऱ्यानं बाल्कनीत सुरू केलेली आणि तीन महिने तशीच पडलेली कुंड्यांची मांडणी आम्हा दोघांनाही का बघवत नाही, ते मला तेव्हा कळलं.

आणि वास. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, कारण नाक सतत येणाऱ्या वासाची नोंद घेणं सोडून देतं. दुसऱ्याच्या घरी दार उघडताच येतो तो त्यांचा वास, त्यांना तो ठाऊकच नसतो. आमच्या घराला सुरुवातीला रंगाचा आणि नव्या प्लायवुडचा वास होता, म्हणजे कुणाचाच नाही. एकदा आठ दिवस बाहेरगावी राहून आलो, कुलूप काढलं, आणि दारातच काहीतरी आलं. पुस्तकं, धुतलेले कपडे, लेकाचे बूट, बंद हवा, आणखी काय काय. "कसला वास येतोय?" असं लेकानं विचारलं. मी नाक वर करून शोधायला लागले, तोवर गेला होता. मिनिटभरसुद्धा टिकला नाही.

त्यानंतर महिन्याभरानं आई राहायला आली. गुडघे दुखतात म्हणून आता तिच्या हातात काठी असते. मुठीशी वळवलेली साधी लाकडी काठी, ती कुठेही टेकवून ठेवली की घसरून पडते आणि वाकून उचलणं हेच तर तिला जमत नाही. मी तिला घर दाखवत होते. हिरव्या भिंतीचं (आता पांढऱ्या) सगळं पुराण सांगून झालं. फळी दाखवून झाली. ती म्हणाली, थांब, जाऊन येते. बाथरूमपाशी गेली, एका हातानं दाराची चौकट धरली आणि दुसऱ्या हातातली काठी, बघितलंही नाही, डावीकडच्या खिळ्याला अडकवली.

काठी खिळ्यावर जरा झुलली आणि थांबली. तळाचं रबर जमिनीपासून चार बोटं वर. अगदी मापात.

हा फ्लॅट आम्ही ज्यांच्याकडून घेतला त्यांना आम्ही भेटलोच नाही. सगळा व्यवहार मुलानं केला. "आई एकटीच राहायची इथं," एवढंच तो म्हणाला होता, आणि आम्ही मान डोलावून लिफ्टचा देखभाल खर्च विचारला होता. त्यांच्या नावाची पत्रं अजून अधूनमधून येतात, ती मी मुलाकडे पाठवते. त्या आजींच्या खिळ्याला मी चार महिने शिव्या दिल्या होत्या. कुणालाच सोयीचा नाही म्हणत होते. नेमका कुणाच्या तरी हाताच्या उंचीवर, चौकट धरून उभं राहिलं की हात जिथं आपोआप जाईल तिथं, तो ठोकला होता. एवढा खोल, की अंगाचा भार गेला तरी निघू नये.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "खिळा बरा ठोकलास गं इथं." मी हो म्हटलं.

परवा रात्री तिनं हाक मारली. "अगं, काठी बाहेरच राहिली वाटतं." मी उठले. पलंगाच्या कोपऱ्याला वळसा घातला, चढावर पाय उचलला, खिळ्यावरची काठी काढली आणि आत नेऊन तिच्या हातात दिली. ती पलंगाच्या कडेला बसली होती.

"लाईट गेलेत का?"

"नाही. का?"

"मग अंधारात काय भुतासारखी फिरतेयस?"

तेव्हा मला कळलं, मी दिवा लावलेलाच नव्हता. ती काठी टेकत टेकत बाहेर गेली. बाथरूमपाशी थांबली, काठी अडकवली, आणि मग भिंतीवरून तिचा हात फिरल्याचा खसखस आवाज यायला लागला. वर, खाली, पुन्हा वर.

"कुठंय मेलं बटण?"

"उजवीकडे, आई," मी आतूनच म्हणाले. "उजवीकडे बघ."